गोचीड तापाच्या गोळ्यांनी कुत्रीचं पोट बिघडलंय – दही द्यावं की प्रोबायोटिक? ठाणे-नवी मुंबईकर, मदत करा

चिंगीची_आई, कासारवडवली
१२ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय आणि तोही काळजीत. आमची चिंगी, इंडी म्हणजे देशी, साडेचार वर्षांची, १७ किलो. जूनच्या शेवटी अचानक खाणं टाकलं, अंग तापलेलं, रक्त तपासलं तर गोचीड ताप, प्लेटलेट ४८ हजारांवर आलेल्या. डॉक्टरांनी १ जुलैपासून डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) चालू केली, २८ दिवसांचा कोर्स. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, शेपूट हलायला लागली, आम्ही जरा निवांत झालो तर आठव्या दिवसापासून पोट बिघडलं. दिवसातून पाच-सहा वेळा जाते, थोडी थोडीच, पातळ आणि वर बुळबुळीत आव. परवा रात्री तीनला दारापाशी जाऊन उभी राहिली, भुंकली नाही काही नाही, नुसती उभी. मला जाग आली, पट्टा लावला, पण लिफ्ट येईपर्यंत तिला धरवलं नाही, पॅसेजमध्येच झालं. मी पुसत होते तर भिंतीकडे तोंड करून बसली, कान मागे पाडून. मला रडूच आलं.

बिल्डिंगच्या ग्रुपवर प्रत्येकाचं वेगळं, कोणी म्हणतं दहीभात दे, कोणी म्हणतं दही आधी बंद कर. घोडबंदर रोडवरच्या एका दुकानातून प्रोबायोटिकची पाकिटं आणली, घरी येऊन बघते तर दोन महिन्यांपूर्वीच एक्स्पायर झालेली, आणि ठेवली कुठे होती तर शोकेसच्या काचेला टेकून, उन्हाच्या बाजूला. परत द्यायला गेले तर "पावडरला काय होतंय" हे उत्तर. फेकून दिली.

तर मला हे प्रोबायोटिक प्रकरण नीट समजून घ्यायचंय. दही म्हणजेच प्रोबायोटिक ना? माणसाचं कुत्र्याला चालतं का? आणि अँटिबायोटिक चालू असताना देऊन उपयोग असतो का, ते मरत नाहीत का?

टायसनवाले, माजिवडा
१२ जुलै, रात्री ११.५२

दहीभात. आमच्या लॅबला कायम तेच, दोन दिवसात गाडी रुळावर.

मधुमालती
१३ जुलै, सकाळी ७.०५

दह्याला अनुमोदन पण घरी लावलेलं हवं, विकतचं गोड केलेलं नको. काळजी घ्या ताई, चिंगीला माझा पापा.

व्हेट_इंटर्न
१३ जुलै, सकाळी ७.३०

ताई, दह्यावर येऊच, आधी काही गोष्टी बघून सांगा. उलटी आहे का, पाणी पितेय का, शीमध्ये रक्त दिसलं का आणि दिसलं तर कोणत्या रंगाचं? तिचा ओठ वर करा, हिरडी बोटाने दाबून सोडा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा, लगेच खाली बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. प्लेटलेट कमी होत्या म्हणून जास्त खोदून विचारतोय. अशा कुत्र्याची शी डांबरासारखी काळी झाली किंवा हिरडीवर, पोटावर लाल ठिपके दिसले तर इथे उत्तराची वाट बघायची नाही, असेल त्या वेळी उचलून दवाखान्यात न्यायचं.

मी परळला इंटर्न आहे, म्हणजे अजून शिकतोय, त्यामुळे औषधांचे डोस इथे लिहिणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचे.

आणि डॉक्सीची गोळी कशात देता?

चिंगीची_आई
१३ जुलै, सकाळी ८.१०

हिरडी लगेच गुलाबी झाली, कातडीही बसली. उलटी नाही, पाणी पितेय. रक्त दोनदा दिसलं, ताजं लाल, अगदी दोऱ्यासारखं, आवेबरोबर. काळी नाही झाली.

गोळी दह्यात देते ना, कडू असते म्हणून. दोन चमचे दही, मध्ये गोळीचा चुरा, चाटूनपुसून खाते.

व्हेट_इंटर्न
१३ जुलै, सकाळी ८.२५

ताई ते आजपासून बंद करा. डॉक्सी टेट्रासायक्लिनच्या कुटुंबातली आहे आणि ती दुधातल्या, दह्यातल्या कॅल्शियमला पकडून बसते, मग तेवढं औषध रक्तात न जाता शीतून निघून जातं. जुन्या टेट्रासायक्लिनच्या मानाने डॉक्सीचं हे कमी होतं, पण तुम्हाला गोचीड तापाचा जंतू पूर्ण मारायचाय, तिथे औषध वाया कशाला घालवायचं. दह्यामुळे जुलाब होतायत असं मी म्हणत नाहीये हं, गोळीसोबत दही नको एवढंच. दूध, दही, पनीर, चीज सगळं गोळीपासून निदान दोन तास लांब.

गोळी पोटभर जेवणासोबत द्या, उपाशीपोटी दिली तर मळमळते. चुरा करायचा की अख्खी द्यायची ते डॉक्टरांना विचारा, अख्खी देणार असाल तर नुसती घशात टाकून सोडू नका, मागून चार घास किंवा थोडं पाणी गेलंच पाहिजे. डॉक्सी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम करते.

आता तुम्ही जे वर्णन केलंय, थोडी थोडी, सारखी सारखी, आव, ताजं लाल रक्त, घाईने जावं लागणं, हे मोठ्या आतड्याचं चित्र आहे. लहान आतड्याचा त्रास असता तर शी कमी वेळा पण ढीगभर झाली असती, वजन उतरलं असतं. डॉक्टरांना फोनवर हेच शब्द सांगा, "पातळ होतेय" एवढ्यावर त्यांना काही कळत नाही. आणि ताजी शी डबीत घेऊन जा तपासायला.

नौपाड्याचे_आजोबा
१३ जुलै, सकाळी १०.१५

आमच्या वाड्यात चाळीस वर्षं कुत्री होती. दूध-भाकरी, उरलासुरला भात, हाडूक. प्रोबायोटिक हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता आणि कुत्री बारा-चौदा वर्षं जगली. हल्ली प्रत्येक गोष्टीला पाकीट निघालंय. मुलीला घाबरवू नका, एक दिवस लंघन आणि मग पेज, एवढंच सांगेन.

व्हेट_इंटर्न
१३ जुलै, दुपारी १.४०

आजोबा, भाकरी-भाताचं तुमचं अगदी बरोबर आहे. कुत्रा माणसाजवळ राहायला लागला तसा तो पिष्ट पचवायला शिकला. २०१३ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं होतं, लांडग्याकडे स्वादुपिंडातल्या अमायलेजच्या, म्हणजे पिष्ट पचवणाऱ्या रसाच्या, जनुकाच्या दोनच प्रती असतात आणि कुत्र्याकडे चारपासून तीसपर्यंत. म्हणजे "कुत्र्याला भात देऊच नका" म्हणणारे चुकतात, तुमचा वाडा बरोबर होता.

दुधाचं मात्र प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं. पिल्लू मोठं होतं तसं दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी होत जातं, काहींना वाटीभर दूध पचतं, काहींना चमचाभराने जुलाब. आणि वाड्यातल्या कुत्र्याला जन्मभर तेच जेवण मिळायचं हो, रोज तेच, त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंना रोजचं गिऱ्हाईक ओळखीचं. आज आपण सोमवारी चिकन, मंगळवारी डबाबंद, बुधवारी बिस्किटं करतो.

लंघनाबद्दल, धडधाकट मोठ्या कुत्र्याला एखादं जेवण चुकवलं तर चालतं, पण चिंगीला गोळी अन्नासोबत द्यायचीय म्हणून उपाशी ठेवू नये. पिल्लाला तर कधीच नाही.

पारसिककर
१३ जुलै, रात्री ९.२०

थोडं लांबलचक लिहितो, मी स्वतः यात दोन वर्षं पैसे घातलेत म्हणून वाचावं लागलं.

प्रोबायोटिकची जी व्याख्या सगळे वापरतात ती एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न संघटना) आणि डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटना), २००१ ची. जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा संख्येत दिले तर देणाऱ्याला नाही घेणाऱ्याला फायदा करणारे. यातला प्रत्येक शब्द दुकानात कामाला येतो. जिवंत, म्हणजे मे महिन्यात टेम्पोत भाजून निघालेलं पाकीट बाद. पुरेशा संख्येत, म्हणजे पाकिटावर सीएफयूचा, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या मोजणीचा, आकडा पाहिजे आणि तो बनवतानाचा नको, एक्स्पायरीपर्यंत राहणारा हवा. आणि फायदा करणारे, म्हणजे नुसतं "लॅक्टोबॅसिलस" लिहून भागत नाही, स्ट्रेनचं, म्हणजे त्या जिवाणूच्या नेमक्या वाणाचं, पूर्ण नाव पाहिजे, मागे अक्षरं-आकडे असतात ते. लॅक्टोबॅसिलस म्हणणं म्हणजे "देशपांडे" म्हणण्यासारखं, कुठले देशपांडे ते कळायला हवं.

घरचं दही या व्याख्येत बसत नाही. त्यात कुठले जिवाणू, किती, हे प्रत्येक घरच्या विरजणावर, दुधावर, त्या दिवशीच्या हवेवर ठरतं. वाईट आहे असं मुळीच नाही. ते अन्न आहे, औषध म्हणून मोजून देता येत नाही एवढंच.

आता कुत्र्यांवर किती सिद्ध झालंय. २०१९ मध्ये पशुवैद्यकातल्या एका मोठ्या जर्नलात आजवरच्या सगळ्या चाचण्यांचा आढावा आला होता, त्यांचं म्हणणं असं की जुलाबाच्या कुत्र्यांमध्ये प्रोबायोटिकचा परिणाम मर्यादित दिसतो. साधा जुलाब तसाही चार-पाच दिवसांत आपोआप थांबतो, प्रोबायोटिकने काही चाचण्यांत तो थोडा लवकर थांबला. म्हणजे हातभार आहे पण जादू नाही. मी हे न समजता आमच्या बीगलला सलग दोन वर्षं देत राहिलो, बंद केल्यावर काहीच फरक पडला नाही. बाहेरून दिलेले हे जिवाणू आतड्यात कायमचं घर करत नाहीत, द्यायचं थांबवलं की काही दिवसांत शीतून दिसेनासे होतात.

चिंगीची_आई
१३ जुलै, रात्री ९.५०

दादा, खूप सविस्तर लिहिलंत, पण मग देऊ की नको हो? उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातेय शी घेऊन.

भुरीचा_बाबा, नेरूळ
१३ जुलै, रात्री १०.३०

ताई, शी तपासा, हेच सांगायला लॉगिन केलं. आमची भुरी दोन महिन्यांची असताना आणली, सीवूड्स स्टेशनच्या बाहेर सापडलेली. पोट कधी ठीक, कधी मऊ, वास असा की खोलीत थांबवत नसे, वर तुपकट चकाकी. आम्ही तीन महिने, अक्षरशः तीन महिने, प्रोबायोटिक बदलत बसलो, हे पाकीट ते पाकीट, जेवण बदल, परत पाकीट. एका दवाखान्यात दर वेळी मेट्रोचं (मेट्रोनिडाझोल, अँटिबायोटिक) इंजेक्शन, चार दिवस बरी, पाचव्या दिवशी परत. कोणी शी बघितलीच नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

शेवटी बेलापूरच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की तीन दिवसांची शी आणा, कारण जिआर्डियाची (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) सिस्ट, म्हणजे त्याची कवचातली अवस्था, रोज पडत नाही, एक दिवस तपासून "नाही" आलं तरी असू शकतो. तिसऱ्या दिवशीच्या नमुन्यात सापडला. मग औषध, आणि औषधाइतकीच स्वच्छता, हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. तिच्या केसांना चिकटलेल्या सिस्ट चाटून परत पोटात जातात, म्हणून कोर्सच्या शेवटी शेपटीखालून, मागच्या पायांवरून नीट आंघोळ. अंथरूण गरम पाण्यात. पाण्याचं भांडं रोज घासायचं. शी झाल्याझाल्या उचलायची. आणि पावसात पामबीचच्या कडेच्या डबक्यांतलं पाणी पिणं बंद, ते तर तिला अमृत वाटायचं.

पंधरा दिवसांत जी बांधलेली शी झाली ना, मी बायकोला फोटो पाठवला ऑफिसात.

ऐरोलीची_फीडर
१३ जुलै, रात्री ११.१५

भुरीच्या बाबांना हजारदा अनुमोदन. मी खाडीकडच्या अकरा कुत्र्यांना रोज जेवण देते, पाकिटं परवडत नाहीत आणि गरजही पडत नाही. वर्षातून चारदा जंताचं औषध, तेही वजनाच्या अंदाजाने डॉक्टरांना विचारून, ताजं जेवण आणि त्यात उकडलेला लाल भोपळा कुस्करून, एपीएमसीतून अख्खा आणते, स्वस्त पडतो. पोटं छान असतात माझ्या पोरांची.

एक मात्र सगळ्यांना हात जोडून. पिल्लू असेल, लस झालेली नसेल, आणि उलटी, रक्ताचे जुलाब, मलूल पडलंय असं दिसलं तर दही, प्रोबायोटिक, पेज काही काही करत बसू नका. पार्वो हा विषाणूचा आजार असू शकतो आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो, सलाईन लागते. मागच्या पावसाळ्यात एका सोसायटीतल्या मुलांनी चांगल्या मनाने पिल्लाला दोन दिवस दहीभात भरवला, मला तिसऱ्या दिवशी कळवलं. माझ्या मांडीवर गेलं ते, दवाखान्याच्या दारात. मला आजही ती रिक्षा आठवते.

मधुमालती
१४ जुलै, सकाळी ७.२०

फार वाईट वाटलं वाचून. 😔

मी वर दह्याला अनुमोदन दिलं होतं, त्यात भर. चिंगीला पुढे कधी दही द्यायचंच झालं तर अदमुरं देऊ नका, त्यात दुधातली साखर बरीच शिल्लक असते. नीट लागलेलं, जरा आंबटसर झालेलं घ्या आणि फडक्यात बांधून पाणी निथळू द्या, श्रीखंडाला करतो तसं. पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं. आमच्या म्हाताऱ्या पॉमला साध्या दह्याने गुरगुरायचं, चक्का अर्धा चमचा आरामात पचायचा.

व्हेट_इंटर्न
१४ जुलै, सकाळी ८.००

मधुमालतीताईंचा चक्का उत्तम. आता "देऊ की नको" आणि "मरत नाहीत का" यावर.

मरतात, नेहमीचे जिवाणूवाले बरेचसे मरतात, म्हणून अँटिबायोटिकपासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. पण दोन प्रकार वेगळे आहेत. एक, सॅकरोमायसिस बुलार्डी. हा जिवाणू नाहीच, यीस्ट आहे, किण्व, त्यामुळे जिवाणू मारणारं औषध त्याला काही करत नाही. आंरी बुलार शंभरेक वर्षांपूर्वी इंडोचायनात होते, तिथे लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून त्यांनी हा वेगळा केला. दुसरा प्रकार बीजाणूंचा, स्पोरवाले बॅसिलस. बॅसिलस क्लॉसीच्या त्या प्लास्टिकच्या छोट्या कुप्या सगळ्या मेडिकलमध्ये दिसतात, ५ मिलीत २ अब्ज बीजाणू, त्या स्ट्रेन काही अँटिबायोटिकना दाद देत नाहीत अशाच निवडलेल्या आहेत. बॅसिलस कोअॅग्युलन्सही आपल्याकडे खूप जुना, लेबलवर लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस लिहायचे ते हेच. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेला जिवाणू, म्हणून उन्हाळ्याला आणि पोटातल्या ॲसिडला टिकतो.

कुत्र्यांसाठी म्हणून जास्त तपासलेला म्हणजे एन्टेरोकॉकस फेशियमचा एसएफ६८ स्ट्रेन, कुत्र्यांच्या पावडरींमध्ये पुष्कळदा तोच असतो.

माणसाचं प्रोबायोटिक देताना आतला जिवाणू नडत नाही, सोबतचं काय आहे ते बघा. गोड चवीच्या, शुगर-फ्री वस्तूंमध्ये झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष आहे, रक्तातली साखर धाडकन उतरते आणि लिव्हर जातं. घटक वाचल्याशिवाय काहीही देऊ नका. आणि फार आजारी, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या कुत्र्याला जिवंत काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मेट्रोबद्दलही सांगतो कारण भुरीच्या बाबांनी लिहिलंय. मेट्रोनिडाझोलने निरोगी कुत्र्यांच्याही आतड्यातली वस्ती विस्कटते आणि काहींची कित्येक आठवडे जागेवर येत नाही. त्यात एक क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस नावाचा चांगला जिवाणू असतो, पित्तातल्या आम्लांवर काम करून वाईटांना आवरणारा, तोच आधी जातो. २०२४ साली युरोपातल्या पशुवैद्यांनी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात साध्या आणि मध्यम जुलाबाला अँटिबायोटिक देऊ नये असं स्पष्ट आहे. जिआर्डियासारखं ठोस कारण सापडलं, ताप आहे, सेप्सिसची (संसर्ग अंगभर पसरण्याची) भीती आहे, तर गोष्ट वेगळी. चिंगीची डॉक्सी गोचीड तापासाठी आहे, तो कोर्स पोट बिघडलं म्हणून मनाने बंद करायचा नाही!

टायसनवाले, माजिवडा
१४ जुलै, सकाळी ९.१०

इंटर्न भाऊ, आम्ही दर वेळी उरलेल्या मेट्रोच्या गोळ्या द्यायचो घरात होत्या म्हणून. आज डब्यातून काढून टाकल्या.

चिंगीची_आई
१४ जुलै, रात्री १०.००

आज जाऊन आलो. शीमध्ये जंतांची अंडी नाहीत, जिआर्डिया नाही, पण उद्या-परवाचा नमुनाही द्यायचाय. प्लेटलेट १ लाख ३५ हजार!! डॉक्टरांनी शांतपणे एकच विचारलं, "आजारी पडल्यापासून तिच्या पोटात नवीन काय काय गेलं, सगळं सांगा." मी सांगत गेले, ते लिहीत गेले आणि लिहिलेला कागद त्यांनी माझ्याकडे फिरवला.

पपईच्या पानाचा रस, प्लेटलेटसाठी. बकरीचं दूध, तेही प्लेटलेटसाठी, रोज येऊरच्या पायथ्याहून आणत होतो. पाया सूप, अंगात ताकद यावी म्हणून सासूबाईंनी मायेने केलेलं, वर बोटभर चरबी. कलेजी. पनीर. लिव्हर टॉनिक. गोळी दह्यात. आणि वॉचमनकाका "बारीक झाली पोर" म्हणून पार्लेजी देत होते ते वेगळंच. बारा दिवसांत आठ नवीन गोष्टी, जिने चार वर्षं भात-चिकन-भोपळ्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने जीव लावला आणि कोणी कोणाला सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले आधी हे सगळं काढा, मग घालायचं काय ते बघू. पाया सूप सगळ्यात आधी बंद, एवढ्या चरबीने स्वादुपिंडाला सूज आली असती तर गोळीपेक्षा मोठं दुखणं झालं असतं. आता फक्त कातडं काढलेलं उकडलेलं चिकन आणि मऊ भात, दिवसातून चार वेळा थोडं थोडं, त्यात अर्धा चमचा इसबगोल पाण्यात फुलवून. बुलार्डी सात दिवस. बास.

सासूबाईंना कसं सांगू कळत नव्हतं, त्यांनीच कागद वाचला आणि म्हणाल्या, "मग मी तिचा भात करते, तो तरी करू दे." आता भात त्याच करतात, दोन शिट्ट्या जास्त.

पारसिककर
१५ जुलै, सकाळी ६.५०

प्लेटलेटचं वाचून फार बरं वाटलं. इसबगोलचं कारण सांगतो, हेच मला दोन वर्षांनी कळलं. मोठ्या आतड्यातले आपले मूळचे जिवाणू तंतूवर जगतात, ते आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसल्या जातात. पाहुणे आणण्यापेक्षा घरच्यांना जेवायला घालणं म्हणा ना. इसबगोल, भोपळा हे तेच. पण कोरडं कधी देऊ नका, पाण्यात फुलवूनच.

नौपाड्याचे_आजोबा
१५ जुलै, सकाळी ८.३०

पाया सूप आमच्याकडेही दिलं गेलं असतं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

कोपरीची_नवखी
१७ जुलै, दुपारी ४.१५

मी इंडीचं पिल्लू घेतलंय, चार महिन्यांचं, पोट ठीक आहे पण कोरडं खाणं बदलायचंय, लगेच बदलू का? आणि भात शिजवताना आपल्या चिकनचा रस्सा घातला तर चालेल?

ऐरोलीची_फीडर
१७ जुलै, संध्याकाळी ७.००

लगेच नको. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवीन, मग अर्धा, मग पाऊण, आठवडाभरात पूर्ण. मध्ये शी मऊ झाली तर तिथेच दोन दिवस थांब. आणि आपला रस्सा अजिबात नाही, त्यात कांदा-लसूण असतो, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. चिकन वेगळं उकड, नुसत्या पाण्यात, तेच पाणी भातात.

चिंगीची_आई
२९ जुलै, सकाळी ७.४५

काल २८ दिवस पूर्ण झाले. शेवटची गोळी चिकनच्या तुकड्यात दिली, मागून अर्धी वाटी भात. जिआर्डिया तिन्ही नमुन्यांत नाही. पोट तसं १९ तारखेपासूनच जागेवर होतं, दिवसातून दोनदा, बांधलेली, उचलल्यावर जमिनीवर डाग राहत नाही अशी. बुलार्डीने फरक पडला, इसबगोलने पडला की सूप बंद केल्याने, मला सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले त्यांनाही येणार नाही.

फ्रिजवर कागद लावलाय, चिंगीच्या पोटात जाणारी प्रत्येक गोष्ट त्यावर वेळेसकट लिहायची, कोणीही दिली तरी. वॉचमनकाकाही येऊन लिहून गेले एकदा, "बिस्कीट मागितलं, दिलं नाही."

काल रात्री तीनला मला सवयीने जाग आली, दारापाशी बघितलं तर कोणी नाही. चिंगी सासूबाईंच्या पलंगाखाली पाय वर करून झोपलेली. गोचीड मात्र पार्किंगच्या भिंतींच्या फटींत सापडल्या, गवतात नाही, सोसायटीशी बोलून पेस्ट कंट्रोल ठरवलंय, त्याचा वेगळा धागा काढेन. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि इंटर्न दादा, तुमचे विशेष.

कोपरीची_नवखी
२९ जुलै, सकाळी ९.३०

किती छान बातमी! ताई, भोपळा किती घालता आणि कसा?

चिंगीची_आई
२९ जुलै, सकाळी ९.४०

चिंगीला जेवणात दोन चमचे, तुझ्या पिल्लाला एक पुरे, तोही पहिल्या दिवशी अर्धा. साल आणि बिया काढून वाफवायचा, काट्याने कुस्करायचा. मीठ नाही, गूळ नाही, फोडणी नाही.